भाचीला चिकनची गाडी टाकून द्यावी का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलाकडे सिंगापूरला महिनाभर राहून आले. तिथल्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखाली खाण्याचे बरेच स्टॉल असतात तिथं, आम्ही तळलेलं चिकन खाल्लं. स्टॉलवरची मुलं कर्णबधिर होती. समोर चित्रांचा फलक. बोट दाखवायचं, पैसे द्यायचे. कुठं काही अडलं नाही आणि चिकन तर फारच छान. माझी भाची २३ वर्षांची, जन्मापासून कर्णबधिर. घरीच असते. तिला सात रस्त्याजवळ अशी गाडी टाकून द्यावी असं मनात आहे. सोलापूरचे लोक येतील का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : येतील हो. पार्क चौकात संध्याकाळी बघा, विजापूर वेशीत रात्री बघा, आपल्या माणसाला खायला बाहेर काढावं लागत नाही. माझी काळजी वेगळी आहे. पहिल्यांदा लोक भाचीकडे बघून येतील. महिन्याभराने त्यातले किती परत येतात ते कढईवर ठरेल.

माझ्या खानावळीत आठ वर्षांपूर्वी एक कर्णबधिर मुलगी कामाला आली. आई विडी कामगार, घर पूर्व भागातलं, घरात तेलुगू. मी तिला दोन वर्षं कांदा चिरायला बसवलं. तळणीजवळ जाऊ दिलं नाही. तेल कधी चरचरतं, कधी शांत होतं हे आम्ही कानानं ओळखतो, तिला ते कसं कळणार, असं मी धरून चालले होते. एका रविवारी आचारी आला नाही आणि ती आपणहून कढईपाशी उभी राहिली. मी शेजारीच होते. तुकडा तेलात सोडला की बुडबुडे मोठे आणि दाट येतात. आतलं पाणी उडत जातं तसे ते बारीक होतात, विरळ होतात, आणि तुकडा हलका होऊन वर तरंगतो. ती नुसती बुडबुड्यांकडे बघत होती. झारा बरोबर वेळेला घातला. मी बावीस वर्षं तळत होते आणि इतक्या लक्ष देऊन तेलाकडे कधी बघितलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला आजही बोचते. एक कुटुंब आलं, मुलगी तळते हे ऐकून मुद्दाम आलेलं. जेवले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, वर पन्नास रुपये जास्त ठेवून गेले. ताट उचलताना तिला लिंबाच्या फोडीखाली दडवलेला लेग पीस सापडला. हाडापाशी कच्चा. तिनं तो आणून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. त्यांना वाटलं, बिचारीला कशाला बोलायचं. दुसऱ्या आचाऱ्याला त्यांनी तिथल्या तिथं हाक मारली असती आणि त्यानं तो पीस बदलून दिला असता. तिला मात्र कुणी तेवढंही मानलं नाही.

त्या आठवड्यात मी सुईचा थर्मामीटर आणला. लेग पीसच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता टोचायचा. ७४ अंश सेल्सिअस दिसले की पीस शिजला. नुसत्या रंगावर विसंबू नका, कारण कोवळ्या कोंबडीच्या हाडातला मगज पूर्ण शिजल्यावरही मांस लालसर करतो. तेल १७० च्या आसपास ठेवा. फार तापलं की बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं. आमचं त्या दिवशी तेच झालं होतं. एका वेळी कढईत कमी तुकडे सोडा, नाहीतर तेल थंड होऊन चिकन तेलकट होतं. वेळेसाठी कंप पावणारं घड्याळ हाताला बांधा. भिंतीवर आम्ही फलक लावला आहे : ‘कच्चं, खारट, थंड – जे असेल ते बोटानं दाखवा.’ लोक दाखवतात. ती बदलून देते.

चवीसाठी परदेशाची नक्कल करू नका. रात्रभर आंबट ताकात आलं, लसूण, मीठ आणि लाल तिखट लावून ठेवा. ताकानं मांस मऊ पडतं. मैद्यात तांदळाचं पीठ मिसळलं की कुरकुरीतपणा टिकतो. सोबत आपली शेंगाचटणी घट्ट दह्यात कालवून द्या. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात मुरवलेलं चिकन गाडीवर उघडं ठेवायचं नाही, बर्फाची पेटी हवीच. आणि एकच तेल आठवडाभर ओढू नका. तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं त्यात वाढणारे खराब घटक, म्हणजे ‘टोटल पोलर कंपाउंड’, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायला २०१८ पासून बंदी आहे. काळं, चिकट, धूर सोडणारं तेल टाकून द्या, मन घट्ट करून.

सिंगापूरचं म्हणाल तर तिथं रस्त्यावरचे विक्रेते १९७० आणि ८० च्या दशकांत सरकारनं नळ, गटार आणि ओटे असलेल्या केंद्रांत नेले. त्या हॉकर संस्कृतीला युनेस्कोनं २०२० मध्ये मान दिला. तिथली डिग्निटी किचन ही संस्था २०१० पासून दिव्यांगांना आधी शिकवते, मग कामाला उभं करते. तुमच्या बेतात ते ‘आधी’ राहून गेलंय. गाडीसाठी महापालिकेकडे पथविक्रेता म्हणून नोंदणी, अन्न परवान्याची नोंदणी, हेही लागेल. २०१४ चा पथविक्रेता कायदा तिच्या बाजूनं आहे. ती कामं आपण करू.

पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि भाचीला काय हवंय हे त्यात एका ओळीतही नाही. तिला तळायला आवडतं की हिशेब, की गर्दीच नको वाटते? मंगळवारी दुपारी चारला खानावळ रिकामी असते. तिला घेऊन या. आमची मुलगी तिला कढईशेजारी उभं करेल, आणि दोघी खुणांनी बोलत असताना तुम्ही आणि मी बाहेर चहा घेऊ.