‘नासी’ या हिब्रू शब्दाला मराठीत काय म्हणावे?

तोरा या ज्यूंच्या पवित्र ग्रंथाच्या साप्ताहिक वाचनावरील विवेचन मराठीत आणताना ‘नासी’ या शब्दासाठी ‘नेता’ हा प्रतिशब्द चालेल का, आणि तो ‘नासी’ लिहावा की ‘नाशी’, असा प्रश्न विचारला गेला आहे. लेखनाचे उत्तर सोपे आहे. या शब्दातील दुसऱ्या अक्षरावरचा बिंदू डावीकडे असल्यामुळे त्याचा उच्चार ‘स’ होतो; म्हणून ‘नासी’ हेच योग्य, आणि अनेकवचन ‘नेसीईम’.

अर्थाचा प्रश्न मात्र सविस्तर पाहिला पाहिजे. आपल्याकडील नेता, पुढारी, अग्रणी, नायक या शब्दांमागे पुढे चालणाऱ्या किंवा वाट दाखवत नेणाऱ्या माणसाची कल्पना आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनास्थळाच्या, प्रमुखाला ‘मुकादम’ म्हणत. मूळ अरबीत त्याचाही अर्थ ‘पुढे केलेला’ असाच आहे. ‘नासी’ची कल्पना वेगळी आहे. नून-सीन-आलेफ या तीन अक्षरांचा त्याचा धातू ‘उचलणे, वाहणे’ या अर्थाचा असून नासी म्हणजे लोकांमधून वर उचलला गेलेला माणूस. त्याच धातूने ओझे वाहणे, डोकी मोजणे आणि अपराधाची क्षमा करणे या क्रियाही सांगितल्या जातात. ‘नेता’ म्हटले की हे सारे नाते तुटते, आणि साप्ताहिक वाचनातील कितीतरी अर्थ या नात्यावरच उभे आहेत.

याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘कोरह’ या पाराशात, म्हणजे त्या आठवड्याच्या वाचनभागात, सापडते. कोरह आणि त्याच्यासोबतचे 250 नेसीईम इस्राएली लोकांना मिसरमधून बाहेर आणणारे मोशे व अहरोन यांना विचारतात की सारी मंडळी पवित्र असताना तुम्ही स्वतःला तिच्यावर का उंचावता. येथील ‘उंचावता’ हे क्रियापद ‘नासी’च्याच धातूचे आहे. पुढे मोशे देवाजवळ आपली बाजू मांडताना म्हणतो की मी यांचे एक गाढवसुद्धा घेतलेले नाही, आणि हे ‘घेणे’ही त्याच धातूने सांगितले आहे. सुदैवाने मराठीत ‘उचलणे’ या क्रियापदाला दुसऱ्याची वस्तू घेण्याची छटा आहेच. त्यामुळे ‘मी यांचे एक गाढवसुद्धा उचललेले नाही’ असे भाषांतर केले, तर आरोप आणि उत्तर यांतला दुवा मराठी वाचकाच्याही कानाला जाणवेल. त्याआधीच्या ‘बेहाअलोतखा’ या भागात हाच मोशे देवाला विचारतो की तान्ह्या मुलाला सांभाळणारा त्याला उराशी धरून वाहतो, तसे या साऱ्या लोकांना मी वाहायचे का. स्वतःला उंचावणे, दुसऱ्याचे उचलणे आणि दुसऱ्याला वाहणे या तिन्ही गोष्टी एकाच धातूने बोलल्या जातात, हे मला नेतृत्वाविषयीचे तोराचे सर्वांत खोल म्हणणे वाटते.

‘वायिक्रा’ या भागात, लेवीय या तोरातील पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, नकळत घडलेल्या पापाच्या अर्पणांचे नियम आहेत. अभिषिक्त याजक, सारी मंडळी आणि सामान्य माणूस यांच्या बाबतीत वाक्य ‘जर’ने सुरू होते, नासीच्या बाबतीत मात्र तेथे ‘आशेर’ हा शब्द येतो, ज्याचा अर्थ ‘जेव्हा’ असा घेता येतो. सोळाव्या शतकातील इटालियन भाष्यकार स्फोर्नो यांच्या मते सत्ताधाऱ्याच्या हातून पाप घडणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे, म्हणून ही रचना. त्याआधी कितीतरी शतके रब्बी योहानान बेन झक्काई यांनी ‘आशेर’ची सांगड ‘आश्रे’ म्हणजे ‘धन्य’ या शब्दाशी घातली होती: ज्या पिढीचा नासी आपल्या चुकीसाठी अर्पण आणतो, ती पिढी धन्य. मराठीत ही शब्दसंगती आणता येणार नाही. ती समजावूनच द्यावी लागेल.

सत्कर्माचा धडा एका गाळलेल्या अक्षरात आहे. निवासमंडप, म्हणजे वाळवंटातील उपासनेचा तंबू, उभारताना आधी लोकांनी द्यावे, उरेल ते आम्ही पुरवू, असे नेसीईम म्हणाले. पण लोकांनी पुरून उरेल इतके आणले, आणि नेसीईमांना रत्ने, मसाले व तेल एवढेच देता आले. निर्गमच्या 35व्या अध्यायात ‘नेसीईम’ या शब्दातील ‘यूद’ हे अक्षर गाळलेले आहे, ते या दिरंगाईमुळे, असे अकराव्या शतकातील फ्रेंच भाष्यकार राशी सांगतात. ‘नासो’ या भागात, म्हणजे गणनाच्या सातव्या अध्यायात, वेदीच्या समर्पणासाठी हेच नेसीईम सर्वांच्या आधी येतात आणि बारा दिवस एकेक जण अगदी सारखेच अर्पण आणतो. कोणीही दुसऱ्यावर कुरघोडी करत नाही, हे मला विशेष मोलाचे वाटते.

मराठीत या धातूच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘धुरीण’ आहे, कारण ‘धुर्’ म्हणजे जू आणि ते वाहण्यास समर्थ तो धुरीण. मात्र त्यात भार वाहणे येते, उंचावले जाणे येत नाही. शिवाय आज तो बहुधा ‘समाजधुरीण’ अशा समासातच भेटतो. म्हणून माझी शिफारस अशी आहे की जेथे विवेचन धातूवर अवलंबून आहे, तेथे ‘नासी’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या वेळी त्याचा अर्थ द्यावा. गणनातील बारा जणांसाठी ‘वंशप्रमुख’ आणि लेवीयातील नियमासाठी ‘अधिपती’ हे शब्द चांगले. तेथील नासी म्हणजे राजाच, असे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाने स्पष्ट केले आहे. मिश्नाचे संकलक येहुदा हा-नासी यांच्या नावाचे भाषांतर करू नये. आजच्या इस्रायलमध्ये ‘नासी’ हे राष्ट्राध्यक्षाचे पदनाम असल्यामुळे त्या संदर्भात ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहावे.