पिल्लाला सावकाश मोठे होऊ दे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

मोठ्या जातीचे पिल्लू पाळण्याचे तू नक्की केले आहेस. ते निवडावे कसे आणि त्याला खायला काय व किती द्यावे, असे दोन प्रश्न तू पत्रात विचारले आहेस. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. पूर्ण वाढ झाल्यावर ज्या कुत्र्यांचे वजन 25 किलोंच्या पुढे जाते, त्यांच्या आयुष्यातील सुखदुःखाचा बराचसा भाग त्यांच्या सांध्यांवर ठरतो. त्या सांध्यांची घडण आईवडिलांकडून येते आणि ती टिकणार की बिघडणार, हे पहिल्या दीड-दोन वर्षांतील आहारावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून निवड करताना आणि भांडे भरताना एकच गोष्ट मनात ठेव: पिल्लू किती लवकर मोठे होते याला महत्त्व नाही, ते किती सावकाश आणि सडपातळ राहून मोठे होते याला आहे.

वेत पाहायला जाशील तेव्हा पिल्लांना हात लावण्याआधी त्यांच्या आईवडिलांचे तपासणी अहवाल मागून घे. एकदा पिल्लू मांडीवर येऊन बसले की कागद मागण्याचे धैर्य उरत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. मोठ्या जातींना सर्वाधिक छळणारा विकार म्हणजे हिप डिस्प्लेसिया. त्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत घट्ट बसत नाही, सांधा सैल राहतो आणि पुढे त्यात संधिवात धरतो. हा दोष अनेक जनुकांतून येतो, त्यामुळे आईवडील निर्दोष असले तरी एखादे पिल्लू सदोष निघू शकते. मात्र त्याची शक्यता स्पष्टपणे कमी होते. ब्रीडरने ‘दोघेही धडधाकट आहेत, मैलभर पळतात’ असे सांगितले तर तो पुरावा समजू नकोस, कारण खुबे खराब असलेला कुत्राही तरुण वयात न लंगडता पळू शकतो. एक्स-रे हाच पुरावा. ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स ही संस्था कुत्रा 24 महिन्यांचा झाल्याशिवाय खुब्यांचे अंतिम प्रमाणपत्र देत नाही, तर एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या पद्धतीत खुब्यांना ए ते ई अशा श्रेणी असतात आणि त्यांत ए ही निर्दोष श्रेणी होय. खुब्यांबरोबर कोपरांचाही अहवाल माग, कारण पुढच्या पायांचे लंगडणे पुष्कळदा कोपरातून सुरू होते.

त्या त्या जातीचा आणखी कोणता वारसा आहे, तेही विचारावे लागते. डॉबरमन आणि ग्रेट डेन यांच्यात हृदयाचा स्नायू पातळ व दुबळा होण्याचा विकार आढळतो. न्यूफाउंडलँड आणि गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात महारोहिणीच्या तोंडाशी जन्मजात अरुंदपणा असू शकतो. छाती खोल असलेल्या जातींबाबत एक प्रश्न न चुकता विचार: आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाच्या जठराला पीळ बसला होता का? जवळच्या नात्यात तसे घडले असेल, तर पिल्लालाही तो धोका अधिक असतो.

प्रत्यक्ष पिल्लू निवडताना आठ आठवड्यांच्या आत कोणी ते देऊ करत असेल तर घेऊ नकोस. डोळे, कान आणि नाक स्वच्छ आहेत ना, चाल सरळ आहे ना आणि अनोळखी माणसाकडे ते कुतूहलाने येते ना, एवढे पाहून घे. आईला भेटल्याशिवाय मात्र परत येऊ नकोस. तिच्या स्वभावावरून पिल्लांच्या स्वभावाविषयी बरेच कळते. बहुतेकांची नजर वेतातील सर्वांत थोराड, जाड पंजांच्या पिल्लाकडे जाते. तुझी जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. वेगाने आणि जड होऊन वाढणे हीच ज्या जातींची अडचण आहे, त्यांच्यात मध्यम आकाराचे, चपळ पिल्लू अधिक चांगले. ‘हा सगळ्यांत मोठा होणार’ असे अभिमानाने सांगून वर कॅल्शियमची बाटली हाती देणाऱ्या ब्रीडरकडून पिल्लू घेऊच नये.

आता आहाराकडे येते, आणि त्या बाटलीपासूनच सुरुवात करते. हाडे मोठी असल्यामुळे कॅल्शियम जास्त द्यावे, हा समज सर्वदूर आहे आणि तो घातक आहे. प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेपुरतेच कॅल्शियम आत घेते आणि उरलेले सोडून देते. पहिल्या सहा महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला हे नियमन नीट जमत नाही. दारावरचा पहारेकरी अजून कामावर रुजूच झालेला नसतो, त्यामुळे जेवढे कॅल्शियम येईल त्यातील मोठा भाग थेट शरीरात शिरतो. हे जास्तीचे कॅल्शियम हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडवते. मग सांध्यातील कूर्चेचे तुकडे सुटतात आणि पायांची हाडे वाकतात. ग्रेट डेन पिल्लांवरील प्रयोगांत हे स्पष्ट दिसून आले आहे. संतुलित खाद्यावर वरून कॅल्शियमची गोळी, पावडर किंवा हाडांचा भुगा, काहीही घालू नकोस. ड जीवनसत्त्वाचे थेंबही स्वतःच्या मनाने देऊ नकोस.

खाद्याच्या पाकिटावर ‘वाढीसाठी’ एवढेच लिहिलेले पुरेसे नाही. ज्यांचे प्रौढ वजन 70 पौंड, म्हणजे सुमारे 32 किलो किंवा त्याहून अधिक होते, अशा कुत्र्यांच्या वाढीसाठीही ते योग्य असल्याचा उल्लेख शोध. आफको या अमेरिकी संस्थेच्या मानकानुसार अशा पिल्लांच्या खाद्यात शुष्क भागाच्या, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागाच्या तुलनेत कॅल्शियम जास्तीत जास्त 1.8 टक्के असावे. पाकिटावरील आकडा बहुधा पाण्यासह असतो, त्यामुळे थोडे गणित करावे लागते. कोरड्या खाद्यात ओलावा 10 टक्के आणि कॅल्शियम 1.3 टक्के असेल, तर 1.3 ला 0.9 ने भागून 1.44 टक्के येतात, आणि ते मर्यादेत आहे. डबाबंद ओल्या खाद्यात ओलावा 78 टक्के असेल, तर वरवर किरकोळ दिसणारे 0.4 टक्के कॅल्शियम प्रत्यक्षात 1.8 टक्क्यांवर पोचते.

याच्या उलट चूक निव्वळ मांस खाऊ घालणारे करतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. ती तूट भरून काढण्यासाठी शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेते आणि काही आठवड्यांत हाडे इतकी ठिसूळ होतात की साध्या उडीनेही मोडतात. घरी शिजवलेले अन्नच द्यायचे असेल, तर पशु-आहारतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहिलेली कृती घे आणि ती तंतोतंत पाळ. वाढीच्या काळात अंदाजाने शिजवलेल्या अन्नाला माझी संमती नाही. प्रथिनांची भीती मात्र बाळगू नकोस. जास्त प्रथिनांमुळे सांधे बिघडतात असे पूर्वी मानले जाई. ग्रेट डेन पिल्लांवरील प्रयोगांत त्याला आधार मिळाला नाही.

सांध्यांचा दुसरा शत्रू म्हणजे जास्तीच्या उष्मांकांनी येणारे वजन. या बाबतीत एक अभ्यास तुला माहीत असावा. 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या, एकाच वेतातील भावंडांच्या जोड्या करण्यात आल्या आणि प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. खाद्य तेच, फक्त मात्रा वेगळी. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्मे कुत्रे जगले ते वय, 13 वर्षे आणि इतरांचे 11.2 वर्षे निघाले. कमी खाणाऱ्यांमध्ये खुब्यांचे दोष कमी होते आणि संधिवातही उशिरा आला. एवढा परिणाम साधणारे कोणतेही औषध माझ्या माहितीत नाही.

म्हणून भांडे भरून सतत पुढे ठेवण्याची पद्धत तुझ्या घरात नसावी. पाकिटावरील तक्ता सध्याच्या वजनावर बेतलेला आहे की अपेक्षित प्रौढ वजनावर, हे आधी वाच. मापट्याने दरवेळी कमीजास्त होते, म्हणून काट्यावर ग्रॅममध्ये मोजून दे. तरीही तो आकडा केवळ आरंभापुरता समज; खरे उत्तर पिल्लाच्या अंगावर मिळते. आठवड्यातून एकदा त्याच्या छातीवरून हलका हात फिरव. बरगड्या न दाबता हाताला लागल्या पाहिजेत, वरून पाहता कंबर आणि बाजूने पाहता वर ओढलेले पोट दिसले पाहिजे. शरीरस्थितीच्या 1 (अगदी हाडकुळे) ते 9 (फार लठ्ठ) या मोजपट्टीवर ते 4 वर, फार तर 5 वर असावे. बरगड्या चाचपाव्या लागत असतील तर खुराक थोडा कमी कर. पाहुणे ‘किती रोडावले आहे’ म्हणतील, कारण गुटगुटीत पिल्लू पाहण्याची सर्वांना सवय आहे. त्यांच्यासाठी मात्रा वाढवू नकोस. शिकवताना दिलेले खाऊचे तुकडेही दिवसाच्या हिशेबात धर, आणि ते एकूण उष्मांकांच्या दहाव्या भागापेक्षा जास्त होऊ देऊ नकोस.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे आयुष्यभर किमान दोन वेळा विभागून खायला दे. दिवसाचे सगळे अन्न एकदाच देणे आणि ते घाईने गिळले जाणे, या दोन्हींमुळे जठराला पीळ बसण्याचा धोका वाढतो. पोट ताठ फुगले आहे, कुत्रा अस्वस्थपणे फिरतो आहे आणि उमासे येऊनही काही बाहेर पडत नाही, असे दिसले तर घरगुती उपायात एक मिनिटही न दवडता पशुवैद्याकडे ने. द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल हा साखरेचा पर्याय घातलेले गोड पदार्थ त्याच्या तोंडाशी येता कामा नयेत. शिजवलेली हाडेही नकोत.

तीन महिन्यांपर्यंत त्याला जिने चढू-उतरू देऊ नकोस, उचलून ने. मऊ जमिनीवर त्याच्या मर्जीने खेळणे चांगले. सक्तीची लांब धाव वाढ पूर्ण होईपर्यंत नको. लंगडणे एक-दोन दिवसांत थांबले नाही, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून न देता एक्स-रे करून घे. प्रौढांच्या खाद्याकडे मोठ्या जातींना साधारण 12 ते 18 महिन्यांत, तर अतिमोठ्या जातींना 18 ते 24 महिन्यांत वळवतात, आणि हा बदल आठवडाभरात जुन्यात नवे थोडे थोडे मिसळून करावा.

आईवडिलांचे अहवाल हाती आले की त्यांच्या प्रती मला पाठव. पिल्लू ठरवण्याआधी मी ते वाचून माझे मत कळवीन.

कळावे,
तुझी शुभचिंतक