अमेरिकन गाडी आणि युरोपियन गाडी वेगळी का, हा आवडीचा प्रश्न नाहीये

प्रश्न असा आहे की अमेरिकन गाड्या एवढ्या अवाढव्य आणि मऊ, युरोपियन गाड्या आटोपशीर आणि रस्ता धरून चालणाऱ्या, मग अमेरिकन इंजिनिअरांना धड गाडी बनवता येत नव्हती का, आणि एकच मॉडेल दोन्हीकडे वेगळं का दिसतं. वर दोघा-तिघांनी "त्यांची आवडच तशी" असं उत्तर दिलंय. मी चाकणला एका सप्लायरकडे चौदा वर्षं हेडलाइटच्या डिझाइनमध्ये आहे, दोन्ही बाजारांसाठी दिवे काढलेत, आणि मला हे आवडीचं उत्तर अजिबात पटत नाही. आवड मागाहून तयार होते. आधी येतो टॅक्स, पेट्रोलचा भाव आणि सरकारी नियम.

सुरुवात ब्रिटनपासून करतो कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. १९२१ पासून तिथे गाडीवर दर हॉर्सपॉवरला एक पौंड वर्षाला असा टॅक्स लागला, पण ती हॉर्सपॉवर इंजिनाची खरी ताकद मोजून ठरवत नव्हते, सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरची संख्या एका सूत्रात घालून काढायचे. पिस्टन वर-खाली किती अंतर जातो, म्हणजे स्ट्रोक, ते त्या सूत्रात नव्हतंच! फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन मोठ्या व्यासाचं, त्यामुळे ती स्वस्त गाडी असूनही वर्षाला बावीस-तेवीस पौंडांच्या घरात टॅक्स, आणि १९२२ ला आलेली ऑस्टिन सेव्हन सात-आठ पौंडांत सुटायची. मग तिथला प्रत्येक इंजिनिअर बारीक व्यासाचं, लांब स्ट्रोकचं छोटं इंजिन काढायला लागला, आणि इंजिन छोटं म्हणजे गाडीही हलकी आणि छोटी ठेवणं आलंच. फ्रान्सचं तेच, सिट्रोएन २सीव्ही मधलं "२सीव्ही" हा टॅक्सचा वर्ग आहे. इटलीत तर २ लिटरच्या वर टॅक्स इतका चढायचा की फेरारीने खास तिथल्या गिऱ्हाइकांसाठी २ लिटरचं पिटुकलं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन घालून २०८ नावाची गाडी काढली. आता यात कोणाची आवड आली?

अमेरिकेत यातलं काहीच नव्हतं. तेल घरचं, पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ आणि मैलोन् मैल लांब, त्यामुळे मोठं संथ चालणारं इंजिन, मऊ स्प्रिंग आणि १९४० च्या ओल्ड्समोबिलपासून आलेला हायड्रामॅटिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे तिथे अगदी बरोबर उत्तर होतं. आणि तो गिअरबॉक्स इतका चांगला होता की १९५२ पासून रोल्स-रॉइसने त्याचंच लायसन घेतलं. अमेरिकनांना इंजिनिअरिंग येत नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

आता एकच गाडी दोन्हीकडे वेगळी का दिसते. इथे मी जरा जास्त लिहिणार कारण हा माझा प्रांत.

अमेरिकेने १९४० मध्ये सीलबंद हेडलाइट सगळ्यांना सारखा केला, सात इंची गोल, काच-आरसा-फिलामेंट सगळं एकत्र बंद. त्या काळासाठी हे फार चांगलं पाऊल होतं, आरशाला गंज नाही, पाणी शिरायचं नाही, आणि दिवा उडाला तर कुठल्याही गावात तोच मिळणार. पण तो नियम जवळजवळ चाळीस वर्षं चिकटून बसला, मधे फार तर चार छोटे गोल दिवे आणि मग चौकोनी दिवे चालू झाले, पण वेगळ्या आकाराची काच चालायचीच नाही. त्यामुळे युरोपात गाडीच्या नाकाशी एकजीव झालेले दिवे यायला लागले तरी अमेरिकेत जाणाऱ्या प्रत्येक गाडीला तिथलेच ठराविक दिवे बसवावे लागायचे. सिट्रोएन डीएसला १९६७ मध्ये काचेमागे स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे आले, ते अमेरिकेत बेकायदा. जॅग्वार ई-टाइपच्या दिव्यांवरची ती सुंदर काच त्याच सुमारास गेली, तेही त्याच बाजारामुळे. शेवटी स्वतः फोर्डनेच मागणी लावून धरली तेव्हा १९८३ मध्ये नियम सैल झाला आणि १९८४ ची लिंकन मार्क ७ ही तिथली वेगळ्या आकाराचे दिवे असलेली पहिली गाडी. माझ्या मते या बाबतीत अमेरिकेचं नुकसान अमेरिकेनेच करून घेतलं.

पण उजेडाचं गणित बघितलं तर एवढं सोपं नाही. आमच्याकडे काळी खोली असते, २५ मीटरवर पांढरी भिंत, दिवा लावायचा आणि भिंतीवरचा उजेड मोजायचा. युरोपच्या लो बीमची (खालच्या झोताची) उजेड-अंधारामधली रेघ सुरीने कापल्यासारखी दिसते, समोरून येणाऱ्याच्या बाजूला सपाट खाली आणि रस्त्याच्या कडेला १५ अंशात वर चढलेली. अमेरिकन दिव्याची रेघ त्यामानाने विरळ, आणि वरच्या बाजूला थोडा उजेड सोडावाच लागतो, कारण हायवेवर डोक्यावर टांगलेल्या पाट्या गाडीच्याच उजेडात वाचायच्या हा तिथला हिशोब. पहिल्या वर्षी मला वाटायचं एकच दिवा बनवून शिक्का बदलला की झालं. सिनिअरांनी भिंतीसमोर उभं करून दोन्ही दिवे आलटून पालटून दाखवले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, एक जण समोरच्याचे डोळे वाचवतोय आणि दुसरा पाटी दिसायला हवी म्हणतोय, आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे.

बंपरची गोष्ट तर बाहेरून बघणाऱ्यालाही कळते. १९७३ पासून अमेरिकेत नियम आला की पुढून ताशी ५ मैलांनी धडक बसली तरी दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत, पुढच्या वर्षी मागच्या बंपरलाही तेच. डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकन कंपन्यांच्या, लांबलचक गाड्यांना ते कसंबसं पेललं, पण मर्सिडीज, बीएमडब्ल्यूच्या पुढे चक्क फळ्या ठोकल्यासारखे बंपर आले. एमजीबी या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं मला सगळ्यात वाईट वाटतं. १९७४ मध्ये तिला काळे रबरी बंपर लावले, उंचीच्या नियमात बसवायला सस्पेन्शन इंचभर वर उचललं, वळणावरची मजा गेली, आणि वेगळी गाडी बनवणं परवडेना म्हणून खुद्द इंग्लंडच्या गिऱ्हाइकालाही तीच गाडी घ्यावी लागली.

आणि पिकअप. यामागे कोंबडी आहे, खरंच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेचं स्वस्त चिकन युरोपात भसाभस यायला लागलं, म्हणून पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सकडच्या मंडळींनी त्यावर जकात चढवली, आणि उत्तर म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६३ च्या डिसेंबरात ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च वगैरेंबरोबर हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली. रोख फोक्सवॅगनच्या व्हॅन आणि पिकअपवर होता. बाकीच्या वस्तू सुटल्या, ट्रक आजही सुटलेला नाही. म्हणजे साठ वर्षं डेट्रॉइटला पिकअपमध्ये बाहेरची स्पर्धाच जवळपास नाही, नफा सगळा तिथे, मग छोट्या गाडीवर जीव कोण लावणार? या जकातीतून सुटायला फोर्डने स्वतःच तुर्कस्तानात बनवलेली ट्रान्झिट कनेक्ट ही व्हॅन मागच्या सीटा बसवून "प्रवासी गाडी" म्हणून आणली आणि बंदरात उतरवल्यावर सीटा काढून व्हॅन केली, त्याचं प्रकरण २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून मिटलं. मला विचाराल तर अमेरिकन आणि युरोपियन गाड्यांमधली दरी सगळ्यात जास्त वाढवली ती या एका जकातीने.

तरी दोघं एकमेकांचं उचलत आलेत. जनरल मोटर्सचा डिझायनर हार्ली अर्लने १९२७ ची ला साल गाडी काढली ती युरोपातल्या हिस्पानो-सुइझावरून. ब्यूइकने १९६१ ला ३.५ लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही-८ काढलं, ओतकाम महाग पडतं म्हणून दोन-तीन वर्षांत सोडून दिलं, रोव्हरने ते विकत घेतलं, १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये घातलं आणि ते इंजिन एकविसाव्या शतकापर्यंत चाललं. लोक त्याला अस्सल ब्रिटिश आवाज म्हणतात! आपल्याकडे कुर्ल्यालाही वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरने आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या, मग फियाट ११०० धरली, आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. पेट्रोल महाग असलेल्या देशात कुठली टिकणार ते उघड होतं.

प्रश्नकर्त्यांनी एक करा, आपल्या गाडीच्या हेडलाइटची काच नीट पुसून वाचा. गोलात ई आणि आकडा असेल तर तो युरोपच्या नियमाचा शिक्का, १ म्हणजे जर्मनीत मंजूर, २ फ्रान्स, ३ इटली. डीओटी असेल तर अमेरिकेचा, तिथे कंपनी स्वतःच सांगते की नियमात बसतं आणि सरकार नंतर बाजारातून उचलून तपासतं. काही काचांवर दोन्ही सापडतात. फोटो टाका, त्यावरच्या बाकीच्या खुणा काय आहेत ते सांगतो.