जुन्या युनिव्हर्समध्ये मराठी नावे

प्रश्न : आमच्या पेढीचा हिशेब जुन्या युनिव्हर्स या डेटाबेसवर चालतो, एनएलएस (निरनिराळ्या भाषांच्या लिपी हाताळण्याची सोय) बंद आहे. ग्राहकांची नावे मराठीत साठवली तर रेकॉर्डमधल्या खुणा बिघडतील असे सांगतात. खरे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, ही भीती काढून टाका. रेकॉर्डमधले अ‍ॅट्रिब्यूट (रकाने), त्यांतल्या व्हॅल्यू आणि त्यांतल्या सबव्हॅल्यू वेगळ्या करणाऱ्या खुणा म्हणजे २५४, २५३, २५२ हे बाइट. मराठी अक्षरे ज्या पद्धतीने बाइटमध्ये साठवतात त्या यूटीएफ-८ मध्ये २४४ च्या वरचा बाइट येतच नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, पहिला २२४. मग टक्कर होणार कुठे?

मला काळजी वाटते ती अहवालांची. एनएलएस बंद असताना लांबी सांगणारे ‘लेन’ फंक्शन अक्षरे नव्हे, बाइट मोजते. ‘कमल’ची लांबी ३ नव्हे, ९ येते. डिक्शनरीत (रकान्यांचे वर्णन असते त्या फाइलीत) रुंदी १०एल, म्हणजे डावीकडून दहा जागा, असेल तर चौथे अक्षर मधोमध तुटते. म्हणून नावाचा रकाना भरपूर रुंद करा आणि ओळीत शेवटी ठेवा, म्हणजे आकड्यांचे रकाने सरळ राहतील. युनिव्हर्सच्या बेसिक भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये नावाचे तुकडे पाडणारी प्रत्येक ओळ शोधा. कंटाळवाणे काम आहे, पण कराच. टर्मिनल यूटीएफ-८ वर हवे. रेकॉर्डची किल्ली (ज्याने रेकॉर्ड शोधतात तो क्रमांक) मात्र आकडीच राहू द्या. आणि हे सगळे आधी युनिव्हर्समधल्या तुमच्या खात्याची (अकाउंटची) प्रत काढून तिच्यावर.