कलम 14 वाचायला घेताय? आधी ओस्ट्रावाच्या शाळा बघा

स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे निकाल नव्याने वाचत असाल, तर युरोपीय मानवी हक्क करारातलं भेदभावबंदीचं कलम 14 नुसतं पाठ करू नका. ते एकटं चालत नाही, करारातल्या दुसऱ्या हक्काचा हात धरूनच येतं. एवढं कळलं की थेट 'डी. एच. विरुद्ध चेक प्रजासत्ताक' उघडा.

चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्रावा शहरातली 18 रोमा (युरोपातला एक अल्पसंख्याक समाज) मुलं बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या 'विशेष' शाळांत घातली गेली होती. कायदा वरवर सगळ्यांना सारखाच, त्यामुळे 2006 मध्ये ती स्ट्रासबर्गच्या छोट्या पीठापुढे हरली. 2007 मध्ये ग्रँड चेंबरने, म्हणजे त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने, 13 विरुद्ध 4 मतांनी निकाल फिरवला. का? मुलांच्या बाजूने मुख्याध्यापकांकडून आकडे गोळा केले होते: शहरातली निम्मी रोमा मुलं विशेष शाळांत, इतरांपैकी जेमतेम 1.8 टक्के. भेदभावाचा हेतू सिद्ध करायची गरज उरली नाही, खुलासा सरकारने द्यायचा.

पालकांची संमती होती, असं सरकार म्हणालं. तो भाग सावकाश वाचा. फॉर्म आधीच भरलेला, पालकांची फक्त सही. दुसऱ्या पर्यायांबद्दल त्यावर अवाक्षर नाही. इतक्या वर्षांनीही मी त्या सहीपाशी थांबतो. विरोधात गेलेल्या चार न्यायाधीशांची भिन्नमतं नंतर वाचा, पण वाचाच.