हार्टफर्डला जुन्या कोबोलवर येताय? मग हे आधी शिकून या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीत सहा वर्षं नोकरी, बहुतेक जावावर, शेवटचं एक वर्ष मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकाच्या, टीमबरोबर. आता कंपनी कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डला पाठवतेय. काम आहे एका आयुर्विमा कंपनीची कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतली पॉलिसी यंत्रणा जावात आणण्याचं. हातात तीन महिने आहेत. कोबोल किती शिकावं, आणि मॅनेजरनी वाचायला सांगितलेले इन्स्पेक्शन (कोड बैठकीत तपासणं), फंक्शन पॉइंट (कामाचा आकार मोजणं), सीएमएम (कंपनीच्या कामाच्या शिस्तीची पातळी ठरवणं) हे जुने विषय आज कामाचे आहेत का? शिवाय बायकोला तिथे नोकरी करता येईल का?

नोकरीचं आधी उरकतो. तुम्ही एल-१ वर, म्हणजे कंपनीच्याच अमेरिकेतल्या शाखेत बदलीच्या व्हिसावर, येत असाल तर तिला जोडीदाराच्या एल-२ वर वेगळं वर्क परमिट न काढता काम करता येतं. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर, ‘एल-२एस’ अशी नोंद झाली आहे का, हे उतरल्यावर लगेच ऑनलाइन पाहा. नसेल तर कंपनीच्या वकिलाला त्याच आठवड्यात कळवा. एच-४ चं, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसाचं, तसं नाही, तिथे साधारणपणे तुमचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर व्हावा लागतो आणि मग परमिट. एल-१बी (विशेष ज्ञान असलेल्यांचा एल-१) जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो आणि त्यावर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही, हे दोघांनी मिळून आधीच धरून चाला.

आता कामाचं. कोबोल वाचण्यापुरतं तीन आठवड्यांत येतं. वेळ लागतो तो ही यंत्रणा ज्या काळात वाढली, म्हणजे साधारण १९७० ते २०००, त्या काळाच्या पद्धती समजायला. तुमच्यासमोर येणाऱ्या कोडमधल्या निम्म्या विचित्र गोष्टी विम्याचा नियम म्हणून आलेल्या नसतात. कार्डाची रुंदी, डिस्कची किंमत किंवा १९९८ सालची घाई, यांपैकी कशामुळे तरी त्या तशा झालेल्या असतात. नियम कुठला आणि काळाचा गाळ कुठला, हे ओळखता आलं नाही तर गाळसुद्धा इमानेइतबारे जावात उतरवला जातो. नाहीतर त्याहून वाईट, गाळ समजून खरा नियमच काढून टाकला जातो.

पहिलं उदाहरण ओळीच्या रुंदीचं. पंच कार्ड ८० कॉलमचं होतं आणि कोबोलची ओळ अजून त्याच मापाची आहे. १ ते ६ अनुक्रमांक, ७ व्या कॉलममध्ये तारा असेल तर ती ओळ टिप्पणी, ८ ते ११ एरिया ए, १२ ते ७२ एरिया बी. ७३ ते ८० मधलं कंपायलर वाचतच नाही. ओळ ७२ च्या पुढे गेली की उरलेला भाग निमूट गळतो, आणि जे शिल्लक राहतं ते व्याकरणात बसत असेल तर चूक दाखवली जात नाही. पण हेच शेवटचे आठ कॉलम तुम्हाला उपयोगी पडतील. तिथे जुने लोक बदलाचा क्रमांक टाकून ठेवत. प्रोग्रामच्या माथ्यावरची बदलांची नोंद आणि ७३ नंतरची खूण जुळवली की कुठली ओळ कोणत्या वर्षी, कशासाठी आली ते कळतं. १९९७ ते १९९९ च्या खुणा आधी शोधा. त्या वाय-टू-के च्या, म्हणजे दोन अंकी वर्षामुळे २००० साली होऊ घातलेल्या घोळाच्या दुरुस्तीच्या आहेत.

वाय-टू-के ची कामं आपल्याकडच्या पुष्कळ कंपन्यांनी केली, म्हणून तो इतिहास सगळ्यांना वरवर माहीत असतो. तपशील मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असतो, आणि या कामात तपशीलच लागतो. दुरुस्तीचे तीन मुख्य मार्ग होते. वर्षाचं फील्ड चार अंकी करायचं. हा सगळ्यात स्वच्छ मार्ग, पण त्यात फाइलची लांबी बदलते आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागतो. दुसरा मार्ग विंडोइंगचा: फील्ड दोनच अंकी ठेवायचं आणि ‘५० पेक्षा कमी असेल तर २० लाव, नाहीतर १९’ अशी अट घालायची. तिसऱ्या मार्गाची ओळख मुद्दाम करून घ्या, कारण तो सहज नजरेतून सुटतो.

कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड डेसिमलमध्ये एका बाइटमध्ये दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असतं. सहा अंकी तारखेला अंकांचे सहा आणि चिन्हाचा एक असे सात अर्धे बाइट लागतात. प्रत्यक्षात जागा पूर्ण चार बाइटची, म्हणजे पुढचा एक अर्धा बाइट रिकामाच असतो. त्या रिकाम्या जागेत शतकाचा अंक घातला गेला: १९०० च्या शतकाला ०, २००० च्या शतकाला १. म्हणून ०९९०६३० ही ३० जून १९९९ आणि १०५०६३० ही ३० जून २००५. फाइलची लांबी बदलली नाही, क्रमवारी बरोबर लागू लागली, खर्च वाचला. मला ही त्या काळातली फार हुशार दुरुस्ती वाटते. धोका एवढाच की एखाद्या प्रोग्रामची कॉपीबुक (रेकॉर्डमधल्या फील्डांची सामायिक व्याख्या) बदलायची राहिली असेल, तर तो तेच चार बाइट सहा अंकी म्हणून वाचतो आणि पुढचा १ मूव्ह करताना गळून पडतो. म्हणून कुठल्याही तारखेच्या फील्डचा अर्थ एका प्रोग्रामवरून ठरवू नका. त्या फाइलला हात लावणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांच्या व्याख्या शेजारी शेजारी ठेवा.

विंडोइंगमध्ये सगळ्यात जास्त चुका निघतात त्या वेगवेगळ्या उंबरठ्यांमुळे. वेगवेगळ्या टीमनी ठरवलेले आकडे वेगळे असतात: कुठे ३०, कुठे ४०, कुठे ५०. समजा पॉलिसी देणारा प्रोग्राम ५० धरतो आणि हप्ता वसूल करणारा ४०. २०४५ साली मुदत संपणारी पॉलिसी पहिल्याच्या दृष्टीने ठीक आहे. दुसऱ्याच्या दृष्टीने तिची मुदत १९४५ सालीच संपली, आणि ती वसुलीच्या यादीतून कुठलीही तक्रार न करता नाहीशी होते. तुमच्या यंत्रणेत सगळे उंबरठे शोधून एका तक्त्यात मांडणं हे पहिल्या महिन्याचं काम समजा. जन्मतारखेला मात्र विंडोइंग चालतच नाही, कारण विमेदार १९०८ चा असू शकतो आणि २००८ चाही. आयुर्विम्यात जन्मवर्ष दोन अंकी दिसलं तर शतक दुसऱ्या कुठल्या तरी फील्डमध्ये नक्की लपलेलं आहे. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. आणि ९९ हा आकडा नेहमी वर्षच असतो असं नाही. ‘मुदत नाही’ किंवा ‘रेकॉर्ड संपले’ यासाठीही तो सर्रास वापरला जायचा.

आता मॅनेजरनी सांगितलेल्या वाचनाबद्दल. मायकेल फॅगन यांनी आयबीएममध्ये १९७६ साली मांडलेली इन्स्पेक्शनची पद्धत जरूर वाचा. आखणी, ओळख, स्वतंत्र तयारी, बैठक, दुरुस्ती, पाठपुरावा अशा पायऱ्या आहेत. बैठकीत कोड लिहिणाऱ्याऐवजी दुसराच माणूस तो वाचून दाखवतो. वेग तासाला शंभरेक ओळींचा, बैठक दोन तासांपेक्षा लांबवायची नाही, आणि उपाय तिथे चर्चायचे नाहीत, दोष फक्त नोंदवायचे. आजच्या पुल रिक्वेस्टवर हजार ओळींना पाच मिनिटांत मंजुरी मिळते, त्याच्या शेजारी हे संथ वाटेल. पण जुना कोबोल परिच्छेद समजून घ्यायला याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही. कोडबरोबर विमा समजणारा एक माणूस बैठकीत हवाच.

मार्क वायझर यांची प्रोग्राम स्लायसिंगची कल्पना, १९८१ ची, तेवढीच उपयोगाची. एक ओळ आणि एक व्हेरिएबल घ्यायचं, आणि त्याच्या किमतीवर परिणाम करू शकणाऱ्या तेवढ्याच ओळी बाजूला काढायच्या. पाच हजार ओळींच्या प्रोग्राममधून सरेंडर व्हॅल्यूचा (पॉलिसी मुदतीआधी सोडल्यास मिळणाऱ्या रकमेचा) हिशेब असा दोनशे ओळींत येऊ शकतो. हाताने करताना दोन जागी फसगत होते. एक, रीडिफाइन्स: तेच बाइट दुसऱ्या नावाने बदलले जातात, त्यामुळे नाव शोधून भागत नाही. दोन, परफॉर्म थ्रू: ‘अमुकपासून तमुकपर्यंत’च्या मधे नंतर कुणी परिच्छेद घातला असेल तर तोही चालतो. अशा विश्लेषणाची साधनं बनवण्याचं काम आपल्या पुण्यातही झालं आहे, १९८१ साली सुरू झालेल्या टीआरडीडीसीत (टाटांच्या संशोधन केंद्रात). साधन हाताशी असेल तर वापराच, पण एक स्लाइस कागदावर काढून बघा. त्याशिवाय साधन काय देतंय ते कळत नाही.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या मॅनी लेहमन यांचे नियमही वाचा: वापरात असलेला प्रोग्राम बदलत राहतोच, आणि मुद्दाम कष्ट घेतले नाहीत तर गुंता वाढत जातो. सहकारी लास्लो बेलाडी यांच्यासह त्यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकामागून एक आवृत्त्यांचा अभ्यास करून हे मांडलं. हे वाचलं की जुन्या लोकांना नावं ठेवणं थांबतं.

सीएमएमच्या पाच पातळ्या पाठ करत बसू नका. त्या काळात आपल्या कंपन्या निर्यातीसाठी पातळी पाच मिळवायला धडपडत होत्या, आणि त्यातून कागदांचे ढीग तयार झाले, हे खरं. पण तेच ढीग आज मोलाचे आहेत. १९९० च्या दशकातले रिव्ह्यू रेकॉर्ड आणि गरजा व कोडची सांगड घालणारे तक्ते क्लायंटकडे किंवा तुमच्याच कंपनीच्या पुण्यातल्या संग्रहात असतील, तर निघण्यापूर्वी मिळवा. इथे आल्यावर ते शोधायला फार वेळ जातो.

फंक्शन पॉइंट वाचा ते मुख्यतः ते कुठे चुकतात हे कळण्यासाठी. आयबीएमच्या ॲलन आल्ब्रेख्त यांनी १९७९ साली मांडलेली ही मोजणी इनपुट, आउटपुट, चौकशी, आतल्या फाइली आणि बाहेरच्या फाइली यांवर चालते. विम्याच्या राखीव निधीचं मूल्यांकन करणाऱ्या बॅच प्रोग्रामला इनपुट दोन आणि आउटपुट एक, म्हणून मोजणी नगण्य येते. आतला गणिताचा भाग मात्र महिनोन् महिने खातो. तुमचा अंदाज फंक्शन पॉइंटवर बेतलेला असेल तर असे प्रोग्राम वेगळे काढून त्यांचा वेळ स्वतंत्र मागा, आणि करार होण्याआधी मागा.

जावात उतरवताना पैशांचा हिशेब बिगडेसिमलमध्येच (जावातला अचूक दशांशाचा प्रकार) करा, डबलला (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) हात लावू नका. कोबोलमध्ये राउंडेड लिहिलं नसेल तर जादा दशांश कापले जातात, म्हणजे जावातलं राउंडिंग मोड डाउन. राउंडेड असेल तर साधारणपणे हाफ अप. ऑन साइझ एरर, म्हणजे रक्कम मावली नाही तर काय करायचं ही सूचना, नसेल तर मोठी रक्कम लहान फील्डमध्ये जाताना डावीकडचे अंक गुपचूप गळतात. युरोपच्या एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ रोजी याच जातीच्या चुकीने गेलं: ६४ बिटी संख्या १६ बिटांत मावली नाही. तो कोड एरियन ४ साठी योग्य होता, नव्या यानाचा वेग वेगळा होता. राखीव संगणकावरही तेच सॉफ्टवेअर असल्याने तोही तसाच पडला. जुनं गृहीतक नव्या घरात नेताना तपासायचं असतं ते हेच.

फाइल मेनफ्रेमवरून उतरवताना टेक्स्ट मोडमध्ये घेतली तर एब्सिडिक (मेनफ्रेमचे अक्षरसंकेत) ते आस्की (इतर संगणकांचे) रूपांतर कॉम्प-३ च्या बाइटवरही होतं आणि रकमा कायमच्या बिघडतात. बायनरीत घ्या आणि फील्डवार रूपांतर करा. क्रमवारीही उलटते: एब्सिडिकमध्ये अक्षरं आधी, अंक नंतर, आस्कीत अंक आधी. दोन क्रमवार फाइली जुळवणारा प्रोग्राम पॉलिसी क्रमांकात अक्षर असेल तिथे ‘जोडी सापडली नाही’ म्हणू लागतो. सॉक-७ अबेंड, म्हणजे अंकांच्या जागी भलतंच काही असल्याने प्रोग्राम मधेच बंद पडणं, आला तर आधी त्या अंकी फील्डमध्ये स्पेस आहेत का ते पाहा. बहुतेक वेळा असतात.

जेसीएलमधलं, म्हणजे मेनफ्रेमवर जॉब चालवण्याच्या सूचनांमधलं, कॉण्ड वाचताना उलटं वाचा: अट खरी ठरली तर स्टेप गाळली जाते. जीडीजी (एकाच फाइलच्या क्रमाने ठेवलेल्या पिढ्या) वापरणारा जॉब तिसऱ्या स्टेपला पडला आणि पहिल्या स्टेपने +१ पिढी कॅटलॉग केली असेल, तर तिथून रीस्टार्ट करताना तो संदर्भ ० करावा लागतो. नाहीतर अस्तित्वात नसलेली पिढी शोधली जाते.

समांतर चाचणीत, म्हणजे जुनी आणि नवी यंत्रणा एकाच डेटावर चालवून फरक काढताना, महिनाअखेर पुरत नाही. एक वर्षअखेर आणि २९ फेब्रुवारीचा डेटा हवाच. प्रत्येक फरकावर ‘जुन्याची चूक’, ‘नव्याची चूक’ किंवा ‘मुद्दाम बदल’ असा शिक्का मारा आणि क्लायंटची सही घ्या. जुन्याची चूक सापडली तरी आपणहून सुधारू नका. त्या चुकीवर वीस वर्षं हिशेब झालेले असतात आणि दुसरा एखादा प्रोग्राम तिची भरपाई करत असतो.

एक गोष्ट भारतात सवयीची नसते: इथे घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ चे थेट ३ होतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १ ते २ हा तास पुन्हा येतो. २००७ पूर्वी या तारखा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होत्या, आणि काही प्रोग्रामांत त्या लिहून ठेवलेल्या असू शकतात. पुण्याशी फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. रात्री दोनला बॅच पडली तर पुण्यात दुपार होत आलेली किंवा झालेली असते, म्हणून पहिला प्रतिसाद कोण देणार ते हस्तांतराच्या कागदावर दोन्ही ऋतूंसाठी वेगळं लिहा.

पहिल्या आठवड्यात क्लायंटकडे सोर्सबरोबर उत्पादनातल्या लोड मॉड्यूलच्या (प्रत्यक्ष चालणाऱ्या, कंपाइल झालेल्या प्रोग्रामच्या) कंपाइल तारखा मागा आणि दोन्ही जुळवून पाहा. सोर्सची शेवटची नोंद कंपाइलनंतरची असेल, किंवा सोर्सच सापडत नसेल, तर तो प्रोग्राम अंदाजपत्रकात वेगळ्या रंगात दाखवा.