गंज काढल्यावर लोखंड उघडं ठेवू नका

लोखंडी अवजाराचा गंज काढायला सायट्रिक ॲसिड पुरतं: 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम. दर तासाभराने बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासा. दिवसभर विसरलात तर आम्ल चांगलं लोखंडही खातं. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू यात अजिबात नको, मुलामाच विरघळेल. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून धुवा आणि लगेच, म्हणजे खरोखर लगेच, कोरडं करा. ओलं लोखंड काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतं. किंचित तापवलेल्या धातूवर जवसाचं कच्चं तेल चोळा, जादा सगळं पुसा. जाड थर चिकटच राहतो. वाळायला आठवडाही लागतो. तेलाची चिंधी मात्र पसरून वाळवा; चुरगाळून टाकलेली आपोआप पेट घेऊ शकते.